टेलिफोटो लेन्सचा फोकस चुकतो तेव्हा दोष नेमका कुठे शोधायचा

विदर्भात टेलिफोटो लेन्स, म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणारी लेन्स, ही आता फक्त पुण्या-मुंबईहून ताडोब्याला येणाऱ्या पर्यटकांची वस्तू राहिलेली नाही. मोहर्ली, कोलारा, पिटेझरीकडचे गाइड, भंडारा-गोंदियाच्या तलावांवर पक्षी बघत फिरणारी पोरं, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, अशा अनेकांच्या गळ्यात २००-५०० किंवा १५०-६०० मिमीची लेन्स दिसते. पुष्कळदा सेकंडहँड, पैसे साठवून घेतलेली. आणि थोड्याच दिवसांत तक्रार ऐकू येते: "भाऊ, फोकसच नाही होऊन राहिला." मग लेन्स खोक्यात घालून नागपूरला किंवा मुंबईला पाठवायची तयारी सुरू होते. कुरिअरचा खर्च होतो, पक्ष्यांचा हंगाम निघून जातो, आणि बऱ्याच वेळा दोष आढळला नाही अशा शेऱ्यासह लेन्स जशीच्या तशी परत येते.

लेन्स बिघडत नाही असं नाही. पण संशयितांच्या यादीत तिचं नाव शेवटी घ्यायचं. आधीची सगळी कारणं गावात बसून, एक पैसा खर्च न करता तपासता येतात.

आधी फोटो मोठा करून बघा

फोटो धूसर आला की फोकस चुकला असं आपण गृहीत धरतो. पण धूसरपणाच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीची खूण वेगळी. फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करा आणि फक्त प्राण्याकडे न बघता सगळी चौकट बघा.

चितळाचा डोळा धूसर आहे, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत पातं न् पातं मोजता येईल इतकं स्वच्छ आहे? तर फोकस खरंच चुकला. चौकटीत कुठेच काही स्वच्छ नाही आणि पानांवरच्या चमकत्या ठिपक्यांच्या एकाच दिशेला छोट्या रेघा झाल्यात? तर कॅमेरा हलला. झाड स्वच्छ आणि प्राणी तेवढा फिस्कटलेला असेल तर प्राणी हलला. आणि काहीच स्वच्छ नाही, रेघाही नाहीत, कडा मात्र नागमोडी, कुठे दुहेरी, शिवाय लागोपाठच्या फोटोंत प्रत्येकाचा धूसरपणा निराळा? तर तुमच्या आणि प्राण्याच्या मधली हवा बिघडलेली आहे.

यातल्या पहिल्याच तऱ्हेत ऑटोफोकसचा संबंध येतो. बाकीच्यांत लेन्स बदलून, दुरुस्त करून काही उपयोग नाही.

हलण्याचं थोडक्यात सांगतो. ६०० मिमीवर हाताची किंचित थरथरसुद्धा मोठी होऊन दिसते. १/२५० सेकंदावर काढलेला वाघ कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर झकास दिसतो आणि घरी येऊन बघितला की मिशा गायब. सफारीच्या जिप्सीचं इंजिन चालू असेल तर तिची थरथर बीनबॅगमधून, म्हणजे लेन्स टेकवायच्या दाण्यांच्या पिशवीतून, थेट लेन्समध्ये येते. चालकदादांना इंजिन बंद करायला सांगणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. बीनबॅगही विकत घ्यायची गरज नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून पिशवी शिवा, त्यात लाखोळी किंवा हरभरा भरा, झालं. शटर स्पीड शक्यतो १/१००० च्या खाली आणू नका, उडत्या पक्ष्यासाठी १/२००० च्या पुढे जा. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा लागला तर बेलाशक वाढवा. दाणेदार फोटो कामाला येतो, हललेला येत नाही.

आणखी एक गोष्ट तक्रार करण्याआधी लक्षात घ्यावी. ६०० मिमीवर एफ/६.३ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) ठेवून १० मीटरवरच्या प्राण्यावर फोकस केला, तर स्वच्छ दिसणारा पट्टा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर जेमतेम १० सेंटिमीटर जाडीचा असतो. क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर तर साधारण ७ सेंटिमीटर. वाघाच्या नाकापासून कानापर्यंतचं अंतर याहून बरंच जास्त आहे. तेव्हा नाक स्वच्छ आणि कान धूसर असा फोटो आला तर कॅमेऱ्याने सांगितलेलं काम चोख केलं आहे. त्याला डोळ्यावर फोकस करायला सांगायला हवं होतं. २० मीटरवर गेलात की हाच पट्टा जवळपास चौपट जाड होतो.

तापलेली हवा

आपल्या भागात लेन्सच्या माथी मारले जाणारे सगळ्यांत जास्त गुन्हे हवेचे असतात, असं माझं ठाम मत आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावं मे महिन्यात देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत येत असतात. पारा ४५ च्या पुढे गेला की जमीन हवेपेक्षाही जास्त तापते. जमिनीलगतची हवा गरम होऊन विरळ होते, वर सरकते, तिच्या जागी थोडी थंड हवा येते. गरम आणि थंड हवेतून जाताना प्रकाश कमी-जास्त वाकतो. डांबरी रस्त्यावर दुपारी पाण्याचं डबकं असल्याचा भास होतो तो या वाकण्यामुळेच. नुसत्या डोळ्याला ही थरथर फारशी जाणवत नाही. पण ६०० मिमीची लेन्स लांबच्या प्राण्यासोबत मधल्या हवेची थरथरही मोठी करते.

हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मे महिन्यात नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूला एखाद्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर जा. पाणी आटलेलं असतं, तळाच्या मातीला भेगा पडलेल्या असतात. सकाळी अकराच्या सुमारास पलीकडच्या काठावर, दीडेकशे मीटरवर उभ्या असलेल्या बगळ्यावर लेन्स रोखा आणि लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं थेट चित्र) चालू करून चित्र दहापट मोठं करा. बगळा हलत नाही, पण त्याचे पाय मधूनच तुटतात, पुन्हा जुळतात. मान डावीकडे लवते, लगेच सरळ होते. चोची क्षणभर दोन दिसतात. फोकसची रिंग हाताने कितीही फिरवा, स्वच्छ असं ठिकाण सापडतच नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमारास त्याच जागी, त्याच लेन्सने, तितक्याच अंतरावर बगळा मिळाला तर मानेवरची पिसं मोजता येतात. लेन्स रातोरात दुरुस्त झालेली नसते.

अशा हवेत ऑटोफोकसही भांबावतो, कारण त्याच्यापर्यंत पोहोचणारं चित्रच डोलत असतं. तो एकदा पुढे जातो, एकदा मागे, मोटर कुरकुरत राहते. बघणाऱ्याला वाटतं की मोटर गेली. कितीही महागडी लेन्स आणली तरी यातून सुटका नाही. चाळीस-पन्नास हजारांची असो की दहा लाखांची, हवा दोघींच्या पुढे तीच.

उपाय म्हणजे तापलेल्या हवेतून जाणारा रस्ता कमी करणं. उजाडल्यापासून पहिले दोन तास सोन्याचे. त्यानंतर लांबचं सोडून द्या आणि जवळचं घ्या. भर उन्हातसुद्धा २०-२५ मीटरवरचा वेडा राघू छान येतो. थर जमिनीलगत सगळ्यांत वाईट असतो, म्हणून मचाणावरून किंवा पाळीच्या उंचीवरून मिळणारा फोटो जमिनीवर आडवं पडून काढलेल्यापेक्षा दुपारी बरा येतो. नांगरलेलं काळं वावर, डांबरी रस्ता, खडकाळ माळ यांच्यावरून नेम धरू नका. कारंजा-सोहोळच्या माळावरची काळविटं दुपारी दोनशे मीटरवरून स्वच्छ आली नाहीत तर त्यात तुमचा किंवा लेन्सचा दोष नाही. मात्र जवळ जायचं म्हणून सारसाच्या जोडीवर चाल करून जाऊ नका. महाराष्ट्रात ते मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भागातच उरलेत, तेही मोजके.

हा त्रास फक्त उन्हाळ्यातलाच आहे असंही नाही. डिसेंबरात गार हवेत ऊन चढलं की काळ्या मातीवरून तशीच थरथर उठते. एसी लावलेल्या कारची काच खाली करून फोटो काढला तर खिडकीतच थंड आणि गरम हवा मिसळत असते. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून समोरचा प्राणी टिपायला गेलात तरी तेच होतं.

कॅमेऱ्याला फोकस कसा कळतो

हात लांब करून अंगठा उभा धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारताना दिसतो. कॅमेऱ्याचा फेज डिटेक्शन ऑटोफोकस जवळपास हेच करतो. लेन्सच्या एका बाजूने आलेलं चित्र आणि दुसऱ्या बाजूने आलेलं चित्र तो ताडून बघतो. दोन्ही जुळली तर फोकस बरोबर. सरकलेली असतील तर कुठल्या दिशेला आणि किती, यावरून मोटर किती फिरवायची ते ठरतं.

एवढं कळलं की बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो. चित्रं ताडायला त्यात काहीतरी कड, रेघ, ठळक फरक लागतो. कोतवाल पक्ष्याचं काळंभोर अंग, उन्हात पांढरा फटक पडलेला बगळा, कोरं आभाळ, धुक्यातलं झाड यांत कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही. मग लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते. अशा वेळी फोकसचा चौकोन पक्ष्याच्या पोटावर न ठेवता चोच आणि आभाळ यांच्या कडेवर ठेवा, लगेच पकडेल. आणि घार किंवा गरुड आभाळात शोधण्याआधी तेवढ्याच अंतरावरच्या झाडावर फोकस करून ठेवा. लेन्स आधीच जवळपास योग्य जागी असली की तिला शोधाशोध करावी लागत नाही.

लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून चित्र आणखी मोठं करणाऱ्या टेलिकन्व्हर्टरचाही इथेच खुलासा होतो. दोन बाजूंची चित्रं वेगळी ओळखता यायला लेन्सचं तोंड पुरेसं रुंद लागतं. बहुतेक डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा) ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच्या लेन्सचा हिशेब धरून केलेला असतो, काहींत मधले मोजके बिंदू एफ/८ पर्यंत चालतात. एफ/६.३ च्या लेन्सला १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की ती जवळपास एफ/९ होते. मग संध्याकाळच्या उजेडात फोकस अडखळला तर नवल नाही. मिररलेस (बिनआरशाचे) कॅमेरे याहून बरेच पुढे जातात, पण कमी उजेडात त्यांचाही वेग मंदावतो.

बांबूच्या बेटातला वाघ हा आपल्याकडचा नेहमीचा पेच. कॅमेरा सगळ्या चौकटीतून स्वतः निवड करणार असेल तर तो सहसा जवळचं आणि ठळक दिसणारं धरतो, म्हणजे बांबू. मिररलेसमधला प्राण्यांचा डोळा ओळखणारा फोकस मोकळ्यावर कमाल करतो, पण डोळ्यावर दोन काड्या आडव्या आल्या की तोही फसतो. तिथे एकच लहान बिंदू निवडा आणि तो फटीतून डोळ्यावर ठेवा. चालता-उडता जीव असेल तर सतत फोकस करत राहणारी एएफ-सी, कॅननच्या भाषेत सर्व्हो, हीच पद्धत हवी. एएफ-एस किंवा वन शॉटमध्ये फोकस एकदा धरला की तिथेच थांबतो. तेवढ्यात रोही (नीलगाय) चार पावलं पुढे गेलेली असते.

आता बटणं. हे फार साधं वाटेल, पण लेन्स बंद पडली म्हणून हातात दिली जाते तेव्हा मी आधी तिच्या बगलेवरची बटणं बघतो. एएफ-एमएफचं (फोकस आपोआप की हाताने, हे ठरवणारं) बटण पिशवीतून काढता-घालता सरकलेलं असतं. त्याच्या शेजारी फोकस लिमिटर, म्हणजे कुठल्या अंतरात फोकस शोधायचा त्याची हद्द ठरवणारं बटण असतं. सिग्माच्या १५०-६०० वर किंवा सोनीच्या २००-६०० वर ते १० मीटर ते अनंत या जागी असेल, तर जिप्सीशेजारच्या फांदीवर सहा मीटरवर बसलेल्या शिक्र्यावर लेन्स फोकस करणारच नाही. निकॉनच्या २००-५०० वर हीच हद्द ६ मीटरची आहे. लिमिटर मोकळा ठेवला तरी सिग्मा कंटेम्पररी २.८ मीटर, सोनी २.४ मीटर आणि निकॉन २.२ मीटरच्या अलीकडे फोकस करू शकत नाही. सोनीच्या लेन्सवर पुढच्या बाजूला गोल बटणंही असतात. ती दाबलेली राहिली तर फोकस आहे तिथेच थांबतो, आणि बीनबॅगवर लेन्स टेकवताना ती नकळत दाबली जातात.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक इशारा. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते. डी३५०० किंवा डी५६०० मध्ये अशी मोटर नाही, त्यामुळे तिथे या लेन्सचा फोकस हातानेच करावा लागतो. विकणारा हे सांगेलच असं नाही.

धूळ, घाम आणि सोनेरी टिकल्या

लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तिथे सोनेरी संपर्कबिंदूंची रांग असते. फोकसचा प्रत्येक हुकूम तिथूनच जातो. आपल्या जंगलातल्या रस्त्यांची बारीक धूळ आणि हाताचा घाम यांचा थर तिथे बसला की संपर्क मधूनच तुटतो. कॅननवर एरर ०१ दिसतो. निकॉनवर छिद्राच्या आकड्याऐवजी इंग्रजी एफ आणि दोन आडव्या रेघा येतात. कॅमेरा बंद करा, लेन्स काढा, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने दोन्ही बाजूंचे बिंदू हलक्या हाताने पुसा. डाग निघत नसेल तर कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावा, थेट कॅमेऱ्यावर ओतू नका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात. सॅन्डपेपर तर मुळीच नको. लेन्स परत बसवताना टक असा आवाज येईपर्यंत फिरवा. अर्धवट बसलेली लेन्सही असेच नखरे करते.

पुढच्या काचेवर स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून एकदा फोटो घेऊन बघा. टेलिफोटोवर हलक्या काचेचा परिणाम ठळक दिसतो. नुसत्या फिल्टरने लेन्स बदनाम होते.

पहाटेची चाचणी

एवढं करूनही फोकस चुकतोय असं वाटलं तर ही चाचणी करा. डीएसएलआर असेल तर ती फार काही सांगून जाते. पहाटे, ऊन लागायच्या आत, एका फळीवर वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवा आणि फळी कॅमेऱ्याच्या अगदी समोर, सरळ, १५ ते २० मीटरवर उभी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, छिद्र पूर्ण उघडं, शटरला दोन सेकंदांचा टायमर. आधी व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस करून दहा फोटो काढा आणि प्रत्येक फोटोआधी रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवा. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये तसेच दहा.

यामागचं कारण असं. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाच्या खाली. फोटो घेणारा सेन्सर मागे. दोघांची अंतरं तंतोतंत जुळली नाहीत तर फोकस दर वेळी थोडा पुढे किंवा मागे पडतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोटो घेणारा सेन्सरच फोकस तपासतो, म्हणून ही चूक तिथे होत नाही.

लाइव्ह व्ह्यूचे फोटो स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचे सगळेच सारखे धूसर आले तर जुळणी चुकली आहे, आणि ती बऱ्याच कॅमेऱ्यांत घरीच करता येते. कॅननमध्ये मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट, निकॉनमध्ये फाइन ट्यून, दोन्हींत उणे २० ते अधिक २०. उणे केलं की फोकस तुमच्याकडे सरकतो, अधिक केलं की लांब जातो. पाच-पाचने बदलत जा. १५००डी किंवा डी३५०० सारख्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत ही सोय नसते. सिग्माच्या डीएसएलआर लेन्ससाठी यूएसबी डॉक आणि टॅमरॉनच्या नव्या लेन्ससाठी टॅप-इन कन्सोल मिळतो. त्यातून लेन्स कॉम्प्युटरला जोडून तिच्यातच दुरुस्ती करता येते, फर्मवेअरही (लेन्समधलं सॉफ्टवेअर) अद्ययावत होतं. चारपाच जणांनी मिळून एक घेतला तरी तालुक्याचं काम भागेल.

व्ह्यूफाइंडरचे दहा फोटो कधी स्वच्छ, कधी धूसर असे आले तर तिथे जुळणीचे आकडे बदलू नका. आज पाच अधिक करून सुधारल्यासारखं वाटेल आणि उद्या बिघडेल. उजेड कमी होता का, फळी वाऱ्याने हलली का, संपर्कबिंदू पुसले का, हे पुन्हा बघा. दोन्हीकडचे सगळेच फोटो धूसर असतील, किंवा पानाची डावी बाजू स्वच्छ आणि उजवी पुसट असेल, तर आतली काच जागेवरून सरकली असण्याची शक्यता मोठी. पडलेल्या लेन्समध्ये हे होतं. मिररलेसमध्ये फोकस आणि फोटो एकाच सेन्सरवर होत असल्याने ही पुढे-मागेची भानगड सहसा नसते. तिथे पहाटेचे फोटो धूसर आले तर थेट लेन्सवर संशय घ्यावा.

मोटर खरोखर जात असेल तर ती आधी कळवते. घासल्यासारखा किंवा चिरका आवाज येतो, फोकस वाटेतच अडकतो, लेन्स आडवी असताना चालते आणि आभाळाकडे धरली की थांबते, हाताने रिंग फिरवताना कुठेतरी खर लागते. अशी लेन्स घरी उघडू नका. आतल्या पट्ट्या नाजूक असतात, आणि एकदा उघडलेली लेन्स हमीतून बाद होते.

पाठवायचं ठरलं तर चाचणीचे मूळ फोटो, कुठल्याही फेरफाराविना, पेन ड्राइव्हवर सोबत द्या. कागदावर लिहा: कुठला कॅमेरा, किती मिमी, किती अंतर, काय तपासलं, काय आढळलं. "फोकस होत नाही" एवढंच लिहिलं तर दुरुस्त करणारा टेबलावर जवळूनच तपासून परत पाठवेल. जुळणीची तक्रार असेल तर लेन्ससोबत कॅमेराही पाठवा, कारण जुळणी त्या जोडीची असते. हूड, फिल्टर, ट्रायपॉडची कॉलर काढून घरी ठेवा, दोन्ही टोकांना झाकणं लावा, सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा आणि कुरिअरवाल्याकडून विमा उतरवून घ्या.